पूर्ण मात्रा की निम्मी? एड्स, कर्करोग आणि पांढऱ्या पेशींचा इतिहास

१/ १९८०च्या दशकात अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांना एड्सच्या रुग्णापाशी उभे राहून एक प्रश्न वारंवार पडत असे : केमोथेरपी पूर्ण मात्रेत द्यावी की निम्म्या? पूर्ण दिली तर रुग्ण संसर्गाने दगावण्याची भीती, निम्मी दिली तर कर्करोगाने. इकडे आड, तिकडे विहीर. या पेचाचा हा इतिहास. #धागा

२/ प्रथम या भीतीमागचा आकडा पाहू. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जिवाणू आणि बुरशी यांच्याशी सर्वप्रथम झुंजतात. १९६६ मध्ये बॉडी, बकली, साठे आणि फ्रायराइख यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की एका घनमिलिमीटर रक्तात त्यांची संख्या १००० खाली गेली की संसर्ग वाढतात, ५०० खाली अधिक आणि १०० खाली सर्वाधिक. ही अवस्था जितकी लांबते तितका धोका वाढतो.

३/ आता ३ जुलै १९८१ कडे वळू. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकाने न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील २६ समलिंगी पुरुषांत कापोसी सार्कोमा आढळल्याचे नोंदवले. व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेला हा दुर्मीळ कर्करोग एरवी वृद्धांत दिसे. पाठोपाठ आक्रमक लिम्फोमाचे रुग्णही येऊ लागले.

४/ या रुग्णांची अस्थिमज्जा चहूबाजूंनी वेढली गेली होती. एचआयव्ही स्वतःच पेशीनिर्मिती मंदावतो. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले एझेडटी हे पहिले एचआयव्हीविरोधी औषध न्यूट्रोफिल घटवी. डोळ्यांच्या सायटोमेगॅलोव्हायरस संसर्गावरील गॅन्सिक्लोव्हिरचाही तोच दोष. त्यावर केमोथेरपीचा घाव!

५/ उपायाचे मूळ मात्र एड्सपूर्व काळात होते. १९६५-६६ च्या सुमारास इस्रायलमध्ये प्लुझ्निक व साक्स आणि मेलबर्नमध्ये ब्रॅडली व मेटकाफ यांनी मज्जेतील पेशींच्या वसाहती बशीत वाढवल्या. त्या आपोआप वाढत नसत. त्यांना चेतवणारा एखादा पदार्थ लागे. ‘कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर’ हे नाव त्यातूनच आले.

६/ असे पदार्थ अनेक निघाले. त्यांपैकी जीएम-सीएसएफ माणसांना देण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एक १९८७ मध्ये एड्सच्या रुग्णांवरच झाला. ग्रूपमन व सहकाऱ्यांनी १६ जणांना ते दिले. पांढऱ्या पेशी वाढल्या. औषध थांबताच पुन्हा उतरल्या. त्यातच, प्रयोगशाळेत हा पदार्थ काही पेशींमध्ये विषाणूची वाढ चेतवतो, असे दिसल्याने नवी चिंता उभी राहिली.

७/ त्याचा भाऊबंद जी-सीएसएफ मुख्यतः न्यूट्रोफिलच वाढवतो. त्याचे मानवी जनुक १९८६ मध्ये हाती आले. ई. कोलाय या जिवाणूकडून तयार करवून घेतलेल्या फिलग्रास्टिमला फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. न्यूट्रोफिल सावरण्यासाठी आता कातडीखाली टोचता येणारे औषध होते.

८/ मग केमोथेरपी पूर्ण मात्रेत का देऊ नये? १९९७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध झाले. एचआयव्हीसंबंधित लिम्फोमाच्या १९८ रुग्णांचे दोन गट केले : एकाला प्रमाणित मात्रा आणि जोडीला जीएम-सीएसएफ, दुसऱ्याला कमी मात्रा. आयुर्मर्यादेत लक्षणीय फरक आढळला नाही : मध्यमान अनुक्रमे ३१ आणि ३५ आठवडे. विषारी परिणाम मात्र पूर्ण मात्रेत अधिक.

९/ घाईने वाचल्यास ‘निम्मी मात्राच बरी’ असा निष्कर्ष निघतो. पण हे रुग्ण प्रभावी विषाणूरोधक उपचारांपूर्वीच्या काळातले होते, हे विसरता कामा नये. न्यूट्रोफिल टोचून वाढवता येत होते. विषाणू नष्ट करीत असलेल्या सीडी४ पेशींना त्याने आधार मिळत नव्हता. मूळ आजार मोकाटच होता.

१०/ १९९६ पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार रूढ झाला आणि चित्र पालटले. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ३९ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यात मात्रा सर्वांना सारखी नव्हती : आरंभी सीडी४ पाहून आणि पुढे प्रत्येक फेरीत न्यूट्रोफिल किती खाली गेले ते पाहून ती ठरे. जोडीला जी-सीएसएफ होतेच. ७४ टक्के रुग्णांत रोगाचा मागमूस उरला नाही.

११/ तरी सावधगिरी सुटली नाही. २००५ च्या एका चाचणीत केमोथेरपीला रिटक्सिमॅबची जोड दिलेल्यांत संसर्गाने १४ टक्के मृत्यू झाले; जोड न दिलेल्यांत २ टक्के. त्यांतील बहुतेकांच्या सीडी४ पेशी ५० पेक्षा कमी होत्या. म्हणून आज जी-सीएसएफबरोबर प्रतिबंधक प्रतिजैविके देतात, विषाणूरोधक उपचार शक्यतो चालू ठेवतात आणि केमोथेरपीच्या काळात एझेडटी टाळतात. ताप आला तर तो तातडीचा प्रसंग मानतात.

१२/ ‘पूर्ण की निम्मी’ या प्रश्नाला अखेर एकच उत्तर मिळाले नाही. मात्रा आज रुग्णागणिक, फेरीगणिक ठरते. ते शक्य झाले ते त्या १६, १९८ आणि ३९ जणांमुळे. त्यांतील अनेकांना स्वतःला त्याचा लाभ झाला नाही. त्यांच्या रक्ताच्या नोंदी मात्र पुढच्यांच्या उपयोगी पडल्या.

धागा समाप्त.