चोखणीची कुळकथा

चोखणी बाळाच्या तोंडात राहते, पण तिच्यातून पोटात काही जात नाही. आज पुण्यातल्या औषधांच्या दुकानांत मिळते ती सिलिकॉनच्या बोंडाची, त्यामागे प्लास्टिकची तबकडी आणि धरायला कडी असलेली. ही घडण सव्वाशे वर्षांची आहे. बाळाच्या तोंडात काहीतरी देऊन त्याला गप्प करण्याची रीत मात्र फार जुनी. ही सवय मोडण्याच्या आणि तिने हुळहुळलेल्या ओठांवरच्या उपायांचा इतिहासही तिच्याबरोबरच चालत आला आहे.

चोखणे बाळाला शिकवावे लागत नाही; गर्भातच अंगठा चोखणारी बाळे सोनोग्राफीत दिसतात. मोठ्यांना काळजी असते ती तोंडात काय जाते याची. चरकसंहितेच्या शारीरस्थानात लहान मुलांच्या खेळण्यांविषयी सांगितले आहे: ती चित्रविचित्र, वाजणारी आणि हलकी असावीत, टोकदार किंवा भीतिदायक नसावीत, आणि तोंडात शिरतील अशी नसावीत. अमेरिकेने १९७७ मध्ये चोखणीसाठी सुरक्षेचे नियम केले तेव्हा तबकडी तोंडात ओढली जाणार नाही इतकी मोठी हवी आणि तिला हवेची भोके हवीत, असे ठरवले. घशात अडकण्याची तीच धास्ती दोन्हीकडे आहे.

मराठी घरांतली जुनी चोखणी लाकडी. दात येताना हिरड्या शिवशिवू लागल्या की बाळ हाताला येईल ते चावते, त्या वेळी कातीव लाकडाचा, लाखेने रंगवलेला गुळगुळीत तुकडा कामी येई. अशा लाखकामासाठी सावंतवाडीचे चितारी प्रसिद्ध. पुण्यात लाकडी खेळण्यांची खरेदी म्हणजे तुळशीबाग. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी पेशवाईत बांधलेल्या राममंदिराभोवती हा बाजार वाढला. खुळखुळे, पांगुळगाडे आणि भातुकली यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथेच गेले. ऐपतीच्या घरी बारशाला चांदीचे वाळे, खुळखुळा, बोंडले येई. बोंडल्याची गल्लत चोखणीशी करू नये. ते चोचीचे भांडे असते आणि त्याने बाळाला दूध पाजतात.

युरोपात चोखणी कापडाची होती. चिंधीत साखर किंवा पाव बांधून, ती पुरचुंडी ओली करून बाळाच्या तोंडात देत. आल्ब्रेख्त ड्यूररने १५०६ मध्ये रंगवलेल्या मेरीच्या एका चित्रात बाळाच्या हातात अशी बांधलेली चिंधी आहे. रबर टिकाऊ करण्याची रीत सापडल्यावर १८४५ मध्ये इलायजा प्रॅट याने अमेरिकेत बाटलीच्या रबरी बोंडाचे पेटंट घेतले. पुढे न्यूयॉर्कमधल्या ख्रिश्चन माइनेके या औषधविक्रेत्याने १९०० मध्ये बोंड, तबकडी आणि कडी एकत्र आणली. आजची चोखणी त्याच घडणीची आहे. बोंडाचा आकार मात्र नंतर बदलला. आईच्या स्तनाग्राशी जुळणारे चपटे बोंड जर्मनीत १९४९ मध्ये आडोल्फ म्युलर आणि विल्हेल्म बाल्टर्स यांनी आखले.

चोखणीला सर्वांत ठाम विरोध झाला तो स्तनपानाच्या बाजूने. नवजात बाळ रबरी बोंडाला सरावले तर अंगावर नीट ओढत नाही, ही भीती त्यामागे होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानाची दहा पावले जाहीर केली. अंगावर पिणाऱ्या बाळांना चोखणी देऊ नये, असे त्यांत स्पष्ट होते. महाराष्ट्राचा या चळवळीत मोठा वाटा आहे: भारतातल्या स्तनपान-प्रसारकांचे जाळे डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपले वाक्य सौम्य केले. सरसकट मनाईऐवजी आता आईला चोखणीचे धोके समजावून सांगावेत, असे ती म्हणते. मधल्या काळात, २००५ मध्ये, अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्तनपान जमल्यानंतर झोपेच्या वेळी चोखणी द्यावी, असा सल्ला दिला होता, कारण झोपेत अचानक होणारे मृत्यू चोखणी घेणाऱ्या बाळांत कमी आढळले.

ओठ हुळहुळतात ते लाळेने. तबकडीखाली लाळ साचते, कातडी सतत ओली राहते, तिच्यावरचा स्निग्ध थर जातो आणि तोंडाभोवती लाल कडे उमटते. यावर घरोघरचा उपाय म्हणजे साजूक तूप, लोणी किंवा साय. आयुर्वेदातले शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, याच घराण्यातले. रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ मध्ये खनिज तेलाच्या गाळापासून व्हॅसलीन बनवण्याचे पेटंट घेतले आणि तुपाचे काम त्या डबीकडे गेले. दोन्हींची रीत एकच: लाळ टिपून घ्यावी, कातडी कोरडी होऊ द्यावी आणि वर पातळ थर लावावा, म्हणजे पुढची लाळ कातडीला भिडत नाही. कापूर किंवा मेंथॉल असलेले मलम बाळाच्या ओठांना लावू नये. कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो. चोखणी मधात बुडवणेही घातक. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. तोंडात पांढरे चट्टे आले किंवा ओठांचे कोपरे फाटले, तर ती बुरशी असू शकते. तिथे तूप पुरत नाही, औषध लागते.

सवय तोडण्याचा मराठी घरातला जुना उपाय म्हणजे काळाबोळ. कोरफडीचा चीक वाळवून केलेला हा काळा, कडूजहर खडा काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतो. अंगावरचे दूध तोडताना आईच्या स्तनाला आणि अंगठा चोखणाऱ्या मुलाच्या अंगठ्याला तो उगाळून लावत. उपाय हमखास लागू पडे, पण तो निर्धोक नव्हता. काळाबोळ जालीम रेचक आहे आणि कडूपणाने दचकलेले मूल सवय सोडते ते रडत, शांत होण्याचे दुसरे काही हाती नसताना. चोखणीवर तो लावू नये.

सोपा मार्ग हळूहळू जातो. आधी दिवसाची चोखणी बंद करून ती फक्त झोपेपुरती ठेवावी, मग झोपतानाही गोधडी, गाणे किंवा थोपटणे तिच्या जागी आणावे. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत हे सहज जमते आणि त्याच काळापासून चोखणी कमी केल्यास कानाचा संसर्गही कमी होतो. तीन वर्षांच्या आत सवय सुटली तर पुढच्या दातांमध्ये पडलेली फट बहुतेक मुलांत आपोआप भरून येते. त्यानंतरही ती चालू राहिली, तर दंतवैद्याकडे जावे लागते.