भेग, सरस आणि मिरजेचा तंबोरा

तंबोऱ्याचा भोपळा आणि त्याचे लाकूड, दोन्ही वाळूनच वाद्यात येतात, आणि वाळताना तडकणे हा दोघांचाही स्वभाव. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत म्हणूनच वाद्य घडवणे आणि भेग बुजवणे ही दोन कामे कधी वेगळी झाली नाहीत. किंबहुना दुरुस्ती आधी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या दरबारी येणाऱ्या गवयांची वाद्ये नीट करण्याचे काम शिकलगारांकडे आले, असे परंपरा सांगते. शिकलगार मुळात शस्त्रांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात तलवारींचे काम आटले होते. त्यांतल्या फरीदसाहेबांचे घराणे पुढे सतारमेकर म्हणून ओळखले गेले. मोडलेले वाद्य उघडून पाहणाऱ्याला ते कसे बांधले आहे हे आपोआप कळते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीत आक्रसते. त्यातही वाढीच्या कड्यांच्या दिशेने त्रिज्येच्या साधारण दुप्पट. त्या ओढाताणीत बाहेरून गाभ्याकडे भेग धावते. म्हणून दांडी आणि तबली (भोपळ्यावरचे लाकडी झाकण) यांसाठी हलके, कमी वळणारे तुणीचे लाकूड पसंत केले जाते आणि ते सावलीत सावकाश वाळवतात. खुंट्या कातायच्या त्या शिसवीसारख्या घट्ट लाकडाच्या. मंगळवेढा-पंढरपूर भागातला भोपळा मात्र कवचच असतो. त्याला ठेच लागली की तडा पार जातो.

बारीक भेगेत त्याच लाकडाचा चाळलेला भुसा सरसात कालवून भरतात. रुंद भेगेत त्याच रेषेची लाकडाची चीप बसवतात, कारण नुसता भुसा हंगाम बदलला की सुटतो. भोपळ्याचा तडा आतून कापड चिकटवून धरला जातो. सरस उष्ण पाण्याने आणि वाफेने सैल होतो, म्हणून जुने काम पुन्हा उघडता येते; पावसाळ्यात हाच गुण दोष ठरतो. फेव्हिकॉल आणि इपॉक्सी आल्यावर जोड पक्के झाले, पण ते पुन्हा उघडणे अवघड झाले. शेवटी चपड्याचे पॉलिश बुजवणीची खूण झाकते.

तबलीवरची भेग सर्वांत नाजूक. उघडी राहिली तर तिच्या कडा एकमेकींवर घासून झणझणतात. जास्त भरली तर आवाज दबतो. जवारीची, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी, झणझण हवीच असते, भेगेची नको असते, आणि दोन्ही एकाच तारेतून ऐकू येतात. त्यामुळे मिरजेत भेग आधी कानाने शोधतात, मग बोटाने. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. सुरांबाबत इतके काटेकोर गवई शेजारी असताना ढिली बुजवण खपणे शक्य नव्हते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.