पहारेकरी आणि सात आज्ञा

दाराशी पहारेकरी उभा केला म्हणजे घर सुरक्षित झाले, असा आपला समज असतो. त्याला दिलेला हुकूमच जुना झाला तर काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ई-मेलच्या इतिहासातील एका प्रकरणाने तो विचार करणे भाग पाडले.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या टपालव्यवहाराचे नियम लिहून काढले. पत्र पाठवणाऱ्या संगणकाने प्रथम ‘हेलो’ म्हणावे, मग प्रेषक सांगावा, पत्ता सांगावा, मजकूर द्यावा आणि निरोप घ्यावा. प्रत्येक सर्व्हरला निदान सात आज्ञा समजल्या पाहिजेत, असा दंडक होता. तो काळ विश्वासाचा होता. परंतु २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने हजारो संगणक जेरीस आणले. त्याच्या शिरकावाची एक वाट सेंडमेल या टपाल सॉफ्टवेअरच्या ‘डीबग’ आज्ञेतून जात होती. अनावश्यक आज्ञा हे चोरदार ठरू शकते, हा धडा सर्वांनी घेतला.

पुढे फायरवॉल आले. सिस्को कंपनीच्या पिक्स या फायरवॉलला टपालासंबंधी हुकूम असे, तो असा: त्या सात आज्ञाच आत सोडाव्या, इतर शब्दांवर फुल्या माराव्या आणि सर्व्हरचे स्वागतवाक्य तारकांनी झाकावे. हुकूम चोख होता. पण जग थांबले नव्हते. १९९३ मध्येच नियमांचा विस्तार होऊन ‘हेलो’च्या जागी ‘एहलो’ हे नवे अभिवादन आले होते. पत्र गुप्त लिपीत नेणारी ‘स्टार्टटीएलएस’ ही सोय १९९९ मध्ये त्यातूनच मिळाली. पहारेकरी मात्र ‘एहलो’वरही फुल्या मारी. मग पाठवणारा संगणक समजे, पलीकडे कोणी जुनाट सर्व्हर आहे. आणि तो मुकाट्याने ‘हेलो’ म्हणून पत्र उघडेच देई. लखोटा बंद करण्याची सोय दोन्हीकडे असूनही टपाल पोस्टकार्डासारखे जाई. कुंपणानेच शेत खाल्ले, ते असे.

दुसरी अडचण याहून चमत्कारिक होती. मजकूर संपल्याची खूण म्हणजे ओळीवर एकटाच टिंब. ही खूण दोन तुकड्यांत विभागून आली, तर पिक्सच्या काही आवृत्त्या गोंधळत, आणि तेच पत्र पुनःपुन्हा पोहोचे. वीत्से वेनेमा यांच्या पोस्टफिक्स या सॉफ्टवेअरने यावर तोड काढली. स्वागतात तारका दिसल्या की ते पहारेकरी ओळखी, आणि रखडलेल्या पत्राच्या शेवटच्या टिंबापूर्वी दहा सेकंद थांबे. नाव लपवण्यासाठी घातलेला बुरखाच ओळखीची खूण ठरला!

२००५ मध्ये पिक्सच्या सातव्या आवृत्तीला विस्तारित नियम शिकवण्यात आले. तोवर कित्येक व्यवस्थापकांनी ही तपासणीच बंद करून टाकली होती. म्हणजे अति कडक पहाऱ्याचा शेवट पहारा उठण्यात झाला.

सरकारी दप्तरात आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला यात नवल वाटत नाही. तो हुकूम निघाला तेव्हा चुकीचा नव्हता. तो पुन्हा वाचून पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नव्हते. म्हणून बंदोबस्ताचा हुकूम काढताना तो पुन्हा केव्हा तपासायचा, ती तारीखही त्याच कागदावर लिहून ठेवावी.