वेश्या अन्याय मुक्ती परिषद (व्हॅम्प)

धंदा करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः चालवलेली, लैंगिक आरोग्य आणि नागरी हक्क यांसाठी काम करणारी संघटना. एड्स-प्रतिबंधासाठी १९९२ मध्ये सांगलीत मीना सरस्वती सेशू यांच्या पुढाकाराने संपदा ग्रामीण महिला संस्था (संग्राम) सुरू झाली. तिच्या कामातून १९९६ मध्ये परिषद स्वतंत्रपणे उभी राहिली. सांगली-मिरज हे तिचे मूळ क्षेत्र. तेथून काम कोल्हापूर, सातारा या बाजूला पसरले आणि दक्षिणेकडे राज्याची सीमा ओलांडून निपाणीसह बेळगावच्या परिसरात पोचले. दोन राज्यांच्या प्रशासनात विभागलेल्या या पट्ट्यात परिषदेच्या अनुभवाला वेगळे मोल आहे. लैंगिक आजारांना आळा घालणारे साधन साधे आणि स्वस्त असते. ते वापरण्याचा आग्रह धरण्याची ताकद ज्या स्त्रीकडे नाही, तिच्या हाती ते निरुपयोगी ठरते. ही ताकद संघटनेतून येते, आणि म्हणून हक्कांचे काम हाच आरोग्याच्या कामाचा पाया ठरतो, असे या संघटनेच्या इतिहासावरून म्हणता येते.

हा पट्टा या प्रश्नासाठी आधीपासूनच संवेदनशील होता. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर येल्लम्माचे ठाणे आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही बाजूंच्या दलित कुटुंबांतील मुलींना देवीला सोडण्याची प्रथा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. देवीच्या नावाने गळ्यात मोती बांधलेल्या अनेक मुली पुढे सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या वस्त्यांत पोचल्या. पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी ही तंबाखूची मोठी पेठ. व्यापारी, हमाल, ट्रकचालक यांचा राबता आणि विडी-तंबाखूच्या वखारींत तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या स्त्रियांचे दारिद्र्य येथे एकत्र आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी-बेळगावचा हा मराठीबहुल भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमावाद सुरू झाला. त्या वादाची राजकीय बाजू सर्वपरिचित आहे. आरोग्यसेवेची साखळी सीमेवर कशी तुटते, याची चर्चा मात्र फार थोडी झाली.

देवदासी प्रथेविरुद्धची चळवळ येथे परिषदेच्या बरीच आधी रुजली होती. १९७५ मध्ये गडहिंग्लजला डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने देवदासींची परिषद भरली. प्रा. विठ्ठल बन्ने यांनी ते काम पुढे नेले. निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी विडी कामगारांबरोबर देवदासींनाही संघटित केले, तर बेळगावजवळच्या यमनापूरला डॉ. भीमराव गस्ती यांनी ‘उत्थान’मार्फत बेरड समाज आणि देवदासी यांच्यात आयुष्यभर काम केले. कायदेही झाले. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, तर महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा. नव्या मुली सोडल्या जाऊ नयेत आणि सोडलेल्यांना निवृत्तिवेतन व मुलांना शिक्षण मिळावे, या मागण्या या चळवळीने सार्वजनिक केल्या. तिचे हे ऋण मोठे आहे. पण जी स्त्री आज धंद्यात आहे आणि उद्याही असणार आहे, तिच्या दवाखान्याचे, पोलिसांशी येणाऱ्या संबंधांचे आणि गिऱ्हाइकाशी होणाऱ्या रोजच्या झगड्याचे काय, हा प्रश्न सुधारणेच्या चौकटीबाहेर राहिला. एड्सच्या साथीने तो पुढे आणला.

भारतात एचआयव्हीची लागण प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळली. त्यानंतरच्या काही वर्षांत सरकारी भाषेत धंदा करणारी स्त्री ही ‘रोगाचा उगम’ ठरली. सक्तीने रक्त तपासणे, वस्त्या उठवणे, स्त्रियांना डांबून ठेवणे हे उपाय सुचवले जात होते. अशा उपायांना घाबरून स्त्रिया दवाखाना टाळत, आजार लपवत आणि वस्ती बदलत. लागण त्यांच्याबरोबर फिरत राही. सांगलीतील गोकुळनगरच्या वस्तीत ‘संग्राम’ने उलट वाट धरली. निरोध वाटण्याचे आणि माहिती देण्याचे काम पगारी बाहेरच्या कार्यकर्त्यांऐवजी वस्तीतल्याच बायकांकडे आले. ज्या बाईला गिऱ्हाईक कसे वागते, कुंटणखाना चालवणारी घरवाली काय म्हणते, मालक म्हणजे कायमचा जोडीदार निरोधाला का नकार देतो हे स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे, तिचे बोलणे दुसरी बाई ऐकते. गुप्तरोगाची लक्षणे ओळखणे, आजारी बाईला सरकारी रुग्णालयात सोबत नेणे, तेथे तिला हिडीसफिडीस झाली तर जाब विचारणे, हीही या कामाचीच अंगे बनली. पुढे या स्त्रियांमार्फत महिन्याला सुमारे साडेतीन लाख निरोध वाटले जाऊ लागले.

मात्र निरोधांचा आकडा हे या कामाचे पूर्ण माप नव्हे. एकट्या बाईने निरोधाशिवाय बसायला नकार दिला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते, तिची त्या दिवसाची कमाई बुडते आणि घरवालीचे बोलणे खावे लागते. सगळ्या गल्लीने एकच नियम धरला, की गिऱ्हाइकाला पर्याय उरत नाही. म्हणजे ज्याला वैयक्तिक सवय समजले जाते ते वर्तन खरे तर सामूहिक सौद्याच्या ताकदीवर अवलंबून आहे. निपाणीच्या विडी कामगारांनी मजुरीबाबत हेच तत्त्व शिकून घेतले होते. परिषदेने ते शरीर आणि आजार यांच्या बाबतीत लागू केले. १९९६ मध्ये स्वतंत्र संघटना काढण्याचे कारणही हेच: आरोग्याचा प्रकल्प निधी संपला की थांबतो, संघटना तिच्या सभासदांची असते.

सीमाभागात या रचनेचा आणखी एक गुण दिसतो. एड्स-नियंत्रणाची सरकारी यंत्रणा राज्यवार आहे. महाराष्ट्राची एड्स-नियंत्रण सोसायटी वेगळी, कर्नाटकाची वेगळी. नोंदणी, पाठपुरावा आणि माहितीपत्रकांची भाषाही वेगळी. स्त्रियांचे जीवन मात्र या रेषेनुसार चालत नाही. माहेर गोकाककडे, धंदा मिरजेत, मूल निपाणीच्या शाळेत आणि यात्रेला सौंदत्ती, असा एकाच बाईचा वर्षाचा प्रवास असू शकतो. बोलणे मराठी-कानडी मिसळून होते. औषधोपचार मध्येच तुटला, तर एचआयव्हीसारख्या आजारात औषधाला दाद न देणारा विषाणू बळावतो. निपाणीतली बाई सांगलीतल्या बाईला नावाने ओळखते, ती कुठे गेली हे तिला कळते आणि गोळ्या सुरू आहेत का हे ती विचारू शकते. सरकारी कार्डाला जे जमत नाही ते हे जाळे करते.

या ताकदीला विरोधही झाला. निपाणीत परिषदेच्या स्त्रियांना स्थानिक गुंडगिरी आणि पोलिसांची दमदाटी यांना तोंड द्यावे लागले. भारतातील एड्स-कार्यकर्त्यांच्या पोलिसी छळावर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जुलै २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगली-निपाणी भागाच्या अनुभवांची नोंद आहे. त्याच वर्षी सेशू यांना या संस्थेचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला. पोलिसी छळ हा आरोग्यापासून वेगळा विषय आहे, असे कोणी म्हणेल. कर्नाटकात झालेले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले एक मोठे संशोधन याला उत्तर देते. धंदा करणाऱ्या ज्या स्त्रियांनी मारहाण किंवा बलात्कार सोसला होता, त्यांच्यात निरोधाचा वापर कमी, दवाखान्यात जाण्याचे प्रमाण कमी आणि परम्याची लागण जास्त आढळली; हिंसेविरुद्ध काम झाले तेथे हिंसाही घटली. निरोध सापडला म्हणून पोलीस बाईला धरणार असतील, तर ती निरोध जवळ बाळगणार नाही, हे समजायला वैद्यकशास्त्राची गरज नाही.

परिषदेच्या कामावरचा पहिला गंभीर आक्षेप श्रेयाविषयी आहे. एचआयव्हीची लागण घटली ती मोफत औषधांमुळे आणि मोठ्या देणगीदारांच्या प्रकल्पांमुळे. छोट्या संघटनांचा त्यात वाटा किती? प्रश्न रास्त आहे. बेळगाव जिल्ह्यात आजाराचे ओझे खरोखरच भारी होते. गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ प्रकल्पाच्या पहिल्या पाहणीत येथील धंदा करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश लागण झालेल्या आढळल्या. ‘आवाहन’ २००३ मध्ये सुरू झाले. सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरील मोफत एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. पण २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या अभ्यासात महाराष्ट्र व कर्नाटकासह दक्षिणेच्या चार राज्यांत १५ ते २४ वयाच्या गरोदर स्त्रियांमधील लागण २००० ते २००४ या काळात १.७ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आल्याचे दिसले. ही घट मोफत औषधांच्या आधीची आहे, आणि धंद्यात निरोधाचा वापर वाढला हेच तिचे संभाव्य कारण संशोधकांनी मानले. यातून एकट्या परिषदेला श्रेय देता येत नाही. तिने ज्या प्रकारचे काम केले, त्या प्रकाराला मात्र भक्कम आधार मिळतो. पुढे मोठ्या प्रकल्पांनीही वस्तीतल्या स्त्रियांनाच कामाच्या केंद्रस्थानी ठेवले, ही गोष्टही त्याच दिशेने बोट दाखवते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो सुधारकांच्या बाजूने येतो. धंदा हे काम आहे असे म्हटले, तर देवदासी प्रथेसारख्या जातीय शोषणाला मान्यता मिळत नाही का? येल्लम्माच्या नावाने दलित मुलीचे आयुष्य तिच्या संमतीवाचून ठरवले गेले, हे सत्य कोणत्याही संघटनेच्या भाषेने पुसले जाणार नाही, आणि पुसले जाऊ नये. परंतु अन्याय कसा सुरू झाला आणि आज त्या स्त्रीला काय हवे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विडी वळणाऱ्या बाईच्या दारिद्र्याला विरोध करणारा माणूस तिची युनियन मोडा असे म्हणत नाही. मुलींना देवीला सोडणे थांबलेच पाहिजे. आधीच या जीवनात असलेल्या पन्नाशीच्या बाईला रेशनकार्ड, औषध आणि मारहाणीविरुद्ध तक्रार करण्याची सोय मिळालीच पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

तिसरा आक्षेप अल्पवयीन मुलींचा, आणि तो सर्वांत जड आहे. मे २००५ मध्ये एका अमेरिकन संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांनी सांगलीच्या गोकुळनगरवर छापा घातला. सज्ञान स्त्रियाही त्यात उचलल्या गेल्या. परिषदेने विरोध केल्यावर ती मुलींच्या सुटकेच्या आड येते, असा आरोप अमेरिकेत झाला. याच वर्षी ‘संग्राम’ने अमेरिकी सरकारी निधी नाकारला, कारण वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी शपथ ही त्या निधीची अट होती. २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना हे संरक्षण लागू नाही, असा निकाल २०२० मध्ये आला. अल्पवयीन मुलीला धंद्यात ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्यावर दुमत असू शकत नाही. वाद आहे तो साधनाचा. परिषदेच्या तंटामुक्ती समित्या वस्तीत नवी मुलगी आली तर तिचे वय आणि संमती यांची चौकशी करतात. स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या एका जागतिक आघाडीने २०१८ च्या अभ्यासात या पद्धतीची दखल घेतली. त्याच वर्षीच्या ‘संग्राम’च्या अभ्यासात महाराष्ट्रातील छाप्यांत पकडलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य स्वेच्छेने धंद्यात असल्याचे आढळले. हा अभ्यास बाजू घेतलेल्या संस्थेचा आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावा. तरीही एक गोष्ट टिकून राहते: छापा पडणार म्हणून पळालेल्या वस्तीत अल्पवयीन मुलगीही सापडत नाही आणि औषध घेणारी बाईही सापडत नाही.

परिषदेच्या कामाला पुढे अनेक फांद्या फुटल्या. पुरुष व तृतीयपंथी व्यक्तींसाठी ‘मुस्कान’ ही संघटना ‘संग्राम’च्या परिवारात उभी राहिली. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांचा गट झाला आणि धंदा करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी निपाणीत ‘मित्र’ वसतिगृह चालू झाले. शाळेत बापाचे नाव विचारून मुलाला हिणवले जाते, तेव्हा आईचा अपमान पुढच्या पिढीकडे जातो. म्हणून वसतिगृह हेही या कामात उपरे नाही. कायदाही हळूहळू याच दिशेने सरकला. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने लागण झालेल्यांविरुद्धच्या भेदभावाला बंदी केली. १९ मे २०२२ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी धंदा करणाऱ्या स्त्रियांशी सन्मानाने वागावे आणि निरोध हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असे निर्देश दिले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून हीच मागणी पूर्वीपासून होत आली होती.

मर्यादाही नोंदवायला हव्यात. संघटनेचे काम वस्तीतल्या स्त्रियांत घट्ट असते; फोनवरून, लॉजवर किंवा महामार्गाच्या ढाब्यांवर एकेकट्या धंदा करणाऱ्या स्त्रीपर्यंत पोचणे तिला अधिक अवघड जाते. लागण घटल्यावर देणगीदारांचे लक्ष अन्यत्र वळते, हा धोकाही आहे. दोन्ही राज्यांनी सीमेवरच्या रुग्णांची नोंद एकमेकांना जोडणे, निपाणी-बेळगावच्या दवाखान्यांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत सेवा देणे आणि वस्तीतल्या स्त्रियांच्या संघटनांना नियोजनात जागा देणे, एवढे केले तर आतापर्यंत मिळवलेले टिकेल. लैंगिक आरोग्याच्या भारतीय इतिहासात परिषदेचे स्थान यामुळे ठरते, की ज्यांना साथीचे कारण म्हटले गेले त्या स्त्रियांनीच साथ रोखण्याचे काम अंगावर घेतले आणि ते करून दाखवले.