१४. माणदेश

महादेवाच्या डोंगरात उगम पावून भीमेला मिळणाऱ्या माण नदीचा प्रदेश. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला ही त्यातील ठळक गावे. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंडावतात आणि बरेचसे पाणी तिथेच रिते करतात. घाटमाथा ओलांडून खाली उतरताना हवा तापते, ढग विरतात. म्हणून महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिमीहून जास्त, तर इथे जेमतेम ५०० मिमीच्या आसपास पाऊस. त्यात जमीन उथळ, मुरमाड. ओल टिकत नाही, त्यामुळे जमिनीतून हवेत परतणारी वाफही थोडीच. इथला शेतकरी वाट पाहतो तो पाऊस आषाढातला नव्हे, भाद्रपद-आश्विनातला. रब्बीची ज्वारी त्याच्याच ओलीवर पेरतात.