जुन्या यंत्रावर मराठीचे बिऱ्हाड

संगणक जुना झाला, हे ठरवते कोण? यंत्र तर चालू असते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. त्यामुळे कितीतरी धडधाकट यंत्रे त्या दिवशी म्हातारी ठरली. माहुलच्या पुनर्वसन इमारतींत २२५ चौरस फुटांत अख्खे कुटुंब राहते. तिथे चालता संगणक भंगारात घालणे कसे परवडेल? अशा घरांसाठी हलके लिनक्स हा चांगला मार्ग आहे. मात्र हलके करताना काय गाळले, हे आधी विचारले पाहिजे.

लिनस टोरवाल्ड्‌स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला, तोही साध्या ३८६ यंत्रावर. या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापला संसार मांडला. त्यालाच डिस्ट्रो म्हणतात. १९९३ चे डेबियन त्यातले जुने घराणे. पुढे पडद्यावरची सजावट वाढली, तशी हलकेपणाची गरज भासू लागली. १९९६ मध्ये एक्सएफसीई आले, २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातून पपी, २००६ मध्ये तैवानमधून एलएक्सडीई. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ तर ५० एमबीत मावत असे. पण एवढ्याशा बोचक्यात संसार बांधायचा, तर काही वस्तू मागे राहणारच. आणि मागे राहतात त्या बहुधा आपल्यासारख्यांच्या लिप्या.

लिनक्सवर मराठी आपोआप आलेली नाही. मुंबईत, जुहूच्या ‘एनसीएसटी’ संस्थेत ‘इंडिक्स’ प्रकल्पातून लिनक्सला भारतीय लिप्या शिकवल्या गेल्या. त्याच संस्थेत र. कृ. जोशी होते, मराठीतले कवी आणि सुलेखनकार. विंडोजवरचा ‘मंगल’ फाँट त्यांचा. त्यांचा ‘रघु’ फाँट मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. त्याच सुमारास वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ चळवळ सुरू केली. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फाँट मोकळे केले. आज आपण लिनक्सवर मराठी लिहितो, त्यामागे अशांचे कष्ट आहेत.

माहुलपासून मानखुर्द जवळच. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. हे मुक्त सॉफ्टवेअरचे खंदे पुरस्कर्ते. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे लॅपटॉप आले, त्या प्रयोगाशी त्यांचा संबंध होता. त्या लॅपटॉपची मेमरी होती अवघी २५६ एमबी, आणि त्यावर चालत होते लिनक्सच. यंत्र लहान म्हणजे विद्याही लहान, असे थोडेच आहे!

मग आज काय निवडावे? आधी प्रोसेसर ६४-बिटचा आहे का, ते पाहावे. ३२-बिटचा असेल तर पर्याय आता थोडे. २०२५ च्या डेबियन १३ ने तशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. अँटिएक्ससारखे काही मात्र अजून साथ देतात. मेमरी २ जीबीच्या आसपास असेल तर एलएक्सक्यूटी, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई सोयीचे. खरे ओझे असते ब्राउझरचे. तिथे कुठलीही डिस्ट्रो चमत्कार करत नाही.

शेवटची परीक्षा मात्र आपल्या भाषेची. डिस्ट्रो आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघावी, म्हणजे यंत्रातले काही पुसले जात नाही. मग ‘बिऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द लिहावेत. हिंदीला न लागणारा आपला अर्धा ‘ऱ’ नीट उमटतो का, बघावे. घरात उर्दू वाचणारे असतील, तर नस्तालिकही तपासावे. अक्षर मोडत असेल तर फाँट घालून पाहावा. तरीही मोडले, तर दुसरी डिस्ट्रो घ्यावी, थोडी जड असली तरी चालेल. ज्या यंत्रावर मुलाला आपले नाव शुद्ध लिहिता येत नाही, ते हलके असून उपयोग काय?