लाखोळी : स्वस्त प्रथिनांचा महाग इतिहास

संतुलित आहार आणि प्रथिने हा विषय शिकवताना पाठ्यपुस्तके बहुधा दूध, अंडी, सोयाबीन यांचे कोष्टक देऊन पुढे जातात. या टिपणात आपण एकाच डाळीचा इतिहास पाहू. लॅथिरस सॅटायव्हस हे तिचे शास्त्रीय नाव. हिंदीत ती खेसारी, विदर्भात लाख किंवा लाखोळी, आणि मी राहतो त्या रायपूरच्या गुढियारी भागात तिवरा. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी छत्तीसगडात हिवाळ्यात आवडीने खातात.

आधी थोडे गणित करू. अभियांत्रिकीच्या शिक्षकाला ते टाळवत नाही. भारतीय प्रौढासाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने अशी शिफारस आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. १०० ग्रॅम तांदळात जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत २२ आणि लाखोळीत सुमारे २८. अर्धा किलो तांदूळ आणि ६० ग्रॅम लाखोळी एवढ्यात कागदावर हिशेब पुरा होतो. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे ॲमिनो आम्ल कमी, तर डाळीत मेथिओनिनसारखी गंधकयुक्त आम्ले कमी. दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. वरण-भाताचे शास्त्र ते हेच.

धानाच्या प्रदेशात लाखोळी टिकली तिला आणखी एक कारण होते. धान कापायच्या काही दिवस आधी उभ्या पिकातच, ओल्या मातीवर, तिचे बी फेकतात. छत्तीसगडात या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, खत नाही. पाऊस दगा देवो की पाणी तुंबो, हे पीक काहीतरी देऊनच जाते. आणि नेमका हाच गुण पुढे घातक ठरला.

सागर भागात अधिकारी असलेल्या स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याची हकिकत दिली आहे. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाअभावी, १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने. तिवरा मात्र त्याच शेतांत फोफावला. लोकांनी तोच खाऊन दिवस काढले. १८३३ पासून गावांतल्या तिशीच्या आतल्या तरुणांचे पाय कमरेखाली निकामी होऊ लागले. पुढे विसाव्या शतकातही रीवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून ही डाळ दिली जाई, आणि तिथेही हा लंगडेपणा पसरला. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. तो केवळ भारताचा नव्हे. १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळात लोक याच डाळीच्या पिठावर जगले आणि चित्रकार गोयाने त्यावर एक चित्र कोरले. १९४२-४३ मध्ये व्हाप्नियार्का येथील छळछावणीत ज्यू कैद्यांना ती खायला घातली गेली. कैद्यांपैकीच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला.

भारत सरकारने १९६१ मध्ये खेसारीच्या विक्रीवर बंदी आणली. पेरणीवर बंदी नव्हती, आणि सगळ्या राज्यांनी ती अमलातही आणली नाही. बंदीने बी दोषी ठरले. मजुरीत दुसरे धान्य न देणारा मालक मात्र त्या नियमात कुठेच आला नाही. हे मला या इतिहासातले सर्वांत खटकणारे वळण वाटते.

विषारी घटक हाती लागला तो बंदीनंतर. १९६४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी बियांतून ओडीएपी हे संयुग वेगळे काढले. गंमत अशी की हेही एक ॲमिनो आम्लच, पण शरीर ज्यापासून प्रथिने बांधते त्यांतले नव्हे. चेतापेशींतला संदेशवाहक ग्लुटामेट आणि हे संयुग यांची रचना मिळतीजुळती असल्याने ते पेशींना अतिउत्तेजित करते. आहारात गंधकयुक्त ॲमिनो आम्ले कमी असतील तर धोका वाढतो, आणि ती आम्ले धान्यातून येतात. म्हणजे पुरेशा भाताबरोबरची थोडी लाखोळी आणि भाताऐवजी खाल्लेली लाखोळी या शरीरासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकले की विषाचा मोठा भाग निघून जातो. पण दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही कमीच असते.

इथे पां. वा. सुखात्मे यांची आठवण काढायला हवी. अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहणाऱ्या या मराठी शास्त्रज्ञाने, जगभर 'प्रथिनांची दरी' भरण्याची भाषा चालू असताना, १९७० च्या सुमारास दाखवून दिले की भारतात प्रथिनांची कमतरता बहुतांशी एकूण अन्नच अपुरे असल्याने होते. उपाशी शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळते. सरपण संपले म्हणून घराचे वासे जाळावेत, तसे.

लाखोळीच्या बाबतीत पुढचे काम रायपुरातच झाले. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे वाण काढले. त्यांत ओडीएपी ०.१ टक्क्याहून कमी आहे. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षे चळवळ केली, आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने या दोन वाणांसह दिल्लीच्या 'रतन' वाणालाही मोकळीक द्यावी असे सुचवले. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात अडचण एकच: एकदा गोणीत माल ओतला की कोणता दाणा कोणत्या वाणाचा, हे गिऱ्हाइकाला नुसते पाहून सांगता येत नाही.